बाबा कार्ड काढू देत नाहीत आणि बायपास तर करायचाच आहे

पत्र

मावशी, नमस्कार. मी नागपूरला मनीषनगरच्या बाजूला राहते. सासरे 73 वर्षांचे, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झालेले, पेन्शन नावापुरती. मागच्या महिन्यात अँजिओग्राफी झाली, तीन ब्लॉकेज निघाले, डॉक्टर म्हणाले बायपास करा, आज-उद्याच करा असं नाही पण लांबवू पण नका. धंतोलीतल्या हॉस्पिटलने साडेचार लाखांचं एस्टिमेट दिलं. मी म्हटलं सत्तरच्या वरच्यांचं आयुष्मानचं कार्ड काढू, त्यात बसतं. तर बाबा भडकलेच. म्हणे सरकारच्या योजनेत मी मरायला जाणार नाही, एफडी मोडा पण ते कार्ड नको, फुकटचं मी कधी खाल्लं नाही. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक, पण सकाळी फिरायला जातात त्या बागेतल्या सगळ्यांना सांगून राहिले की कोणीच काढू नका, सरकारने आरोग्यात हात घातला की वाटोळंच होतं. कॉलनीच्या मंडळाने कार्डांचं शिबिर ठेवलं होतं, ते बाबा आणि आणखी चार-पाच जणांनी मिळून होऊच दिलं नाही.

वरून माझे भासरे, त्यांना आम्ही दादा म्हणतो, ते अमेरिकेत डेट्रॉइटजवळ असतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना म्हणतात तुम्ही बरोबर आहात, इथे ओबामाने हेच आणलं तेव्हा लोक सभांमध्ये उभे राहून भांडले होते, एकदा सरकार घुसलं की म्हातारा जगवायचा की नाही हे बाबू ठरवतो. मागच्या वर्षी पुतणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, 25 ची आहे, शिक्षण झालंय, नोकरी शोधून राहिली, तर म्हणत होते बापाच्या इन्शुरन्समध्ये सगळं झालं, खासगी ते खासगीच.

खरं कारण मला सासूबाईंचं वाटतं. 2007 मध्ये त्या एका सरकारी दवाखान्यात गेल्या. फरशीवर गादी, औषधं बाहेरून आणा, विचारायला गेलं की डॉक्टर ओरडायचे. बाबा त्यावर कधीच बोलत नाहीत. मिस्टर म्हणतात तू मध्ये पडू नको. एफडी सहा लाखांची आहे आणि तेवढीच आहे. बाबांना न सांगता कार्ड काढून ठेवू का? आधार माझ्याकडेच असतं.
— एक सून

उत्तर

बेटा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तू आधार हातात घेऊन बसली असशील. नको काढू चोरून. एक तर ओटीपी बाबांच्या फोनवर येईल, आणि समजा तेही जमवलंस तरी हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला मदतनीस, त्यांच्यासमोरच कागद पाहणार, ओळख पटवणार, फोटो काढणार, तेव्हा कळेलच ना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ज्याला कळतं की घरच्यांनीच आपल्याला फसवलं, तो माणूस कोणत्या मनाने थिएटरमध्ये जाईल सांग. आणि त्यांना आधीच वाटून राहिलं की ही योजना म्हणजे काहीतरी पाठीमागून करायचा प्रकार आहे, तू पाठीमागून केलंस तर ते खरंच ठरेल.

दुसरं, बायपास कधी करायचा आणि कोणाच्या पैशाने करायचा हे दोन वेगळे विषय आहेत, ते घरात एकाच वेळी बोलू नका. आज सगळं एकत्र झालंय म्हणून कार्डाचं भांडण मिटेपर्यंत हृदयाला थांबवून ठेवलंय. आधी डॉक्टरांना सरळ विचारा की जास्तीत जास्त किती आठवडे थांबता येईल, तो आकडा कागदावर घ्या, मिस्टरांसमोर घ्या, आणि मग भांडण त्याच्या आत उरका. एफडीतूनच करायचं ठरलं तर एफडीतून करा पण त्या तारखेच्या आत करा. मन बाबांचं आहे, शरीर पण त्यांचंच आहे, पूर्ण समजून ते नाही म्हणाले तर त्यांचा तो हक्क आहे हे मी तुला आधीच सांगून ठेवते. पण सध्या ते समजून नाही म्हणून राहिले असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

आता बाबांचा विरोध. त्याला तू एकच गोष्ट समजून राहिलीस, पण त्यात दोन आहेत. एक दादांकडून, बागेतून, मोबाईलवरून आलेला आणि दुसरा 2007 मधून आलेला. पहिल्याला माहितीने उत्तर देता येतं. दुसऱ्याला माहिती देऊच नकोस, तिथे फक्त ऐकायचं, कारण त्यांनी जे पाहिलं ते पाहिलंच आहे ना. बायको फरशीवर, हातात औषधाची चिठ्ठी, रात्री बाहेरच्या मेडिकल स्टोअरची लाईन, आणि एक कालचा पोरगा सगळ्यांसमोर ओरडतोय. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी विचारलं का, बाबा त्या दिवसांत काय काय झालं होतं? तुझ्या मिस्टरांनी विचारलं का? मला वाटतं नाही. मग तो माणूस "सरकारी नको" एवढ्या दोन शब्दांत ते सगळं सांगत असतो आणि घरचे त्याला हट्टी म्हणतात.

म्हणून हे काम मिस्टरांचं आहे, तुझं नाही. आई त्यांची होती. त्यांना सांग की "मध्ये पडू नको" म्हणायचं असेल तर मग तुम्ही पडा. एका संध्याकाळी बापलेकांनी दोघांनीच बसावं, कार्डाचा विषय काढूच नये, फक्त आईच्या त्या दिवसांबद्दल विचारावं आणि बाबा बोलले तर मध्ये तोडू नये, "पण आता तसं राहिलं नाही बाबा" हे वाक्य तर अजिबात म्हणू नये. कारण एक, ते खरं आहे की नाही हे वॉर्डावॉर्डावर आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं होती, हे सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, बाबांनी पण वाचलं असेलच. आपल्या नागपूरच्या मेडिकलला आणि मेयोला, म्हणजे दोन्ही मोठ्या सरकारी हॉस्पिटलांना, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापासून तर छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे पेशंट येतात, तिथल्या डॉक्टरांनी किती जीव वाचवले याची मोजदाद नाही पण गर्दी आणि कमी माणसं हे दुखणं तिथे कोणी लपवत पण नाही. तेव्हा बाबांना चूक ठरवायच्या मागे लागू नका, ते चूक नाहीतच. फक्त ज्या गोष्टीबद्दल ते बरोबर आहेत ती गोष्ट आणि हे कार्ड, यांत फरक आहे.

तो फरक असा. सरकार आरोग्यात तीन प्रकारे येतं आणि आपण तिन्हींची खिचडी करतो. कुठे दवाखानाच सरकारचा असतो, डॉक्टर-नर्स सरकारच्या पगारावर, जसं मेडिकल, मेयो, डागा. कुठे दवाखाना खासगी किंवा ट्रस्टचा असतो आणि बिल सरकार भरतं. आणि कुठे सरकार फक्त नियम करतं, म्हणजे रेटकार्ड लावा, पेशंटला कागद द्या, पैशासाठी मृतदेह अडवू नका असे. बाबांचा राग पहिल्या प्रकारावर आहे आणि कार्ड दुसऱ्या प्रकारातलं आहे. कार्ड काढलं म्हणजे फरशीवरच्या गादीवर जावं लागेल असं कुठेच नाही, योजनेत असलेलं खासगी हॉस्पिटल पण निवडता येतं, शहरात ती आहेत. बाबांना हे कोणी सांगितलं का? माझा अंदाज, शिबिरवाल्यांनी पण सांगितलं नसेल, त्यांनी "चला चला कार्ड काढा, आधार आणा" केलं असेल, आणि ज्याच्या मनात आधीच भीती आहे त्याला अशी घाई केली की तो उलट पाय रोवतो.

योजनेचं मोजकंच सांगते. आयुष्मान भारत 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली ती गरीब कुटुंबांसाठी होती, मग 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना घेतलं, उत्पन्न कितीही असो, त्याचं वय वंदना कार्ड. वर्षाला पाच लाखांपर्यंत, घरात सत्तरच्या वरचे दोघं असले तर दोघांत मिळून. आधीपासूनचे आजार चालतात, वाट पाहायची मुदत नाही. ओपीडीचा खर्च यात नाही. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना याच्यासोबत जोडलेली आहे, आणि ती सुद्धा काही कालची नाही, 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर झाली, 2017 मध्ये नाव बदललं, आणि 2023 मध्ये सरकारने पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना पण त्यात घ्यायचं ठरवलं. म्हणजे वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली-गेली, योजना राहिली. बाबांचा राग एखाद्या पक्षावर असेल (असतो बऱ्याच जणांचा, बोलत नाहीत) तर हे त्यांना सांगायला हरकत नाही.

"फुकटचं खाल्लं नाही" यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण हे वाक्य मी आपल्या वयाच्या कितीतरी लोकांकडून ऐकते आणि मला त्या वाक्यामागचा मान कळतो. पण बेटा, फुकट कुठे आहे? बाबांनी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, साबणापासून स्कूटरच्या पेट्रोलपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर भरला, आजही बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर भरतात किंवा भरत आले. कंपनीत असताना पगार मर्यादेत होता तेव्हा ईएसआयसी कापली गेली असेल, तो कायदा 1948 चा, कामगाराचे थोडे, मालकाचे थोडे, आणि त्यातून सगळ्यांचा उपचार. ते त्यांना फुकट वाटलं नव्हतं. कोविडची लस पण आपल्यापैकी बहुतेकांनी महापालिकेच्याच सेंटरवर रांगेत उभं राहून घेतली, त्याला कोणी खैरात म्हटलं नाही. हे पैसे त्यांनीच आधी भरलेत. हे त्यांना वाद म्हणून नको सांगू, त्यांच्या जुन्या पगाराच्या स्लिपा निघाल्या कपाटातून तर त्या पाहता पाहता सांग.

आता दादांकडे वळते. त्यांच्या बोलण्यात खरं-खोटं मिसळलेलं आहे आणि ते सुटं करणं गरजेचं आहे कारण बाबा त्यांच्या शब्दाला तुझ्या शब्दापेक्षा जास्त वजन देतात. 2009 च्या उन्हाळ्यात ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्याचा मसुदा आला तेव्हा अमेरिकेत खासदारांच्या सभांमध्ये लोक खरंच उठून भांडले. "म्हातारा जगवायचा की नाही हे बाबू ठरवणार" हे तिथूनच आलंय, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओबामांच्या विरोधी पक्षातल्या सारा पेलिन बाईंनी डेथ पॅनल म्हणून ते लिहिलं आणि सगळीकडे पसरलं. मसुद्यात खरं काय होतं, तर म्हाताऱ्या पेशंटला शेवटच्या आजारात काय हवं काय नको यावर आपल्या डॉक्टरशी बोलायचं असेल तर त्या बोलण्याची फी सरकारी विम्यातून द्यावी, आणि ते सुद्धा ज्याला हवं त्यानेच. एवढंच. तरी लोक इतके घाबरले की ते कलम काढून टाकावं लागलं. 2016 पासून तीच सोय तिकडे नियमाने सुरू आहे आणि कोणी कोणाला मारलं नाही.

साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत तर एक माणूस खासदाराला म्हणाला की सरकारचा हात माझ्या मेडिकेअरपासून लांब ठेवा. मेडिकेअर म्हणजे 65 च्या वरच्यांचा विमा, 1965 पासूनचा, सरकारचाच! त्या माणसाला कोणी हसायचं कारण नाही, त्याला ते इतकं आपलं वाटत होतं की ते सरकारचं आहे हेच तो विसरला होता. आणि 1965 च्या आधी त्याच मेडिकेअरला तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने जीव तोडून विरोध केला होता.

पण दादांचं सगळंच खोटं नाही आणि ते कबूल केल्याशिवाय तू त्यांच्याशी बोलू नकोस. 23 मार्च 2010 ला ओबामांच्या त्या कायद्यावर सही झाली, त्याआधी आणि नंतर लोकांना वारंवार सांगितलं होतं की तुमची पॉलिसी आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील, आणि 2013 मध्ये लाखो लोकांना पॉलिसी बंद झाल्याची पत्रं आली. नोंदणीची वेबसाईट 1 ऑक्टोबर 2013 ला उघडली ती बसलीच, पहिल्या दिवशी तिच्यावरून सहाच जणांची नोंदणी झाली. ज्यांनी विरोध केला त्यांना त्या दिवशी "आम्ही म्हटलं होतं ना" म्हणायचा पूर्ण अधिकार होता. तरी पुढे 2017 मध्ये कायदा मोडायची वेळ आली तेव्हा त्याच प्रकारच्या सभांमध्ये लोक उलट तो वाचवायला उभे राहिले, आणि 28 जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये तो प्रयत्न 49 विरुद्ध 51 मतांनी पडला. मधल्या वर्षांत काय झालं होतं तर ज्यांना आधीच्या आजारामुळे कोणी विमा देत नव्हतं त्यांना तो मिळाला होता, आणि मुलं 26 वर्षांची होईपर्यंत आईबापांच्या पॉलिसीत राहायला लागली होती.

हो, तुझी पुतणी. 25 वर्षांची, शिक्षण झालेलं, नोकरी नाही, आणि अपेंडिक्सचं बिल बापाच्या पॉलिसीतून गेलं. विमा कंपनी खासगी आहे हे दादांचं खरं, पण तिला त्या पॉलिसीत 26 पर्यंत ठेवायलाच पाहिजे हे त्याच 2010 च्या कायद्याने केलं. हे तू रविवारच्या कॉलवर सगळ्यांसमोर काढू नकोस, हात जोडून सांगते. सगळ्यांसमोर काढलंस तर दादा चिडतील, बाबा त्यांची बाजू घेतील आणि तू आणखी एकटी पडशील. मिस्टरांना दादांशी वेगळा फोन करायला सांग. आणि त्या फोनवर अमेरिकेचं राजकारण कमी बोला, हिशोब जास्त बोला: दादा, बायपासचे साडेचार लाख, नंतरचं सगळं धरून पाच-सव्वापाच, एफडी सहा. कार्ड नको असेल तर तुम्ही किती देणार आणि कधी देणार? लांबून मत देणं सोपं असतं, मी दादांना वाईट म्हणत नाही, लांब असल्याची टोचणी पण त्या मताच्या आत असते. पण मत द्यायचं तर खर्चात पण उतरावं लागतं, आणि बरेचदा खर्चाचं बोलणं निघालं की माणूस म्हणतो ठीक आहे, ती योजना नेमकी काय आहे ते पाठवा.

बाबांच्या शंकांपैकी ज्या खऱ्या आहेत त्या पण सांगते कारण तू त्यांच्यासमोर योजनेची जाहिरात करायला बसलीस तर ते उठून जातील. 2023 मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, आयुष्मानची तपासणी मांडली तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले निघाले, 9999999999, आणि मेलेल्या दाखवलेल्या माणसांच्या नावावर उपचार पण निघाले. हॉस्पिटलांची तक्रार वेगळी आहे, पॅकेजचे रेट कमी आणि पैसे उशिरा, 2025 च्या ऑगस्टमध्ये हरयाणातल्या खासगी हॉस्पिटलांनी थकबाकीसाठी आयुष्मानचं काम काही आठवडे बंदच ठेवलं होतं. आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलने गावात शिबिर घेऊन माणसं आणली, गरज नसताना अँजिओप्लास्टी केल्याचा आरोप झाला, त्यातली दोन माणसं गेली. म्हणजे भीती हवेतली नाही. पण पाह्य, रेशन दुकानदार मापात मारतो म्हणून आपण रेशन बंद करा म्हणत नाही, काट्यासमोर उभं राहतो. बाबांनी काट्यासमोर उभं राहावं असं मला वाटतं, आणि त्यांच्यात ती धमक आहे, शिबिर बंद पाडणाऱ्या माणसात असतेच.

विरोध करणाऱ्यांनी नेमकं सांगितलं की काय नको, तर योजना सुधारते, याची उदाहरणं आहेत. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात 1 जुलै 1962 ला सरकारी विमा सुरू झाला त्याच दिवशी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले, 23 दिवस. साधी माणसं, त्यात बायका खूप, "आमचे डॉक्टर राहू द्या" म्हणून समित्या करून विधानसभेसमोर आल्या, त्यांना भीती होती की डॉक्टर प्रांत सोडून जातील. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले, शेवटी 23 जुलैला लेखी समझोता झाला की डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, आपला दवाखाना आपलाच ठेवतील, बिल मात्र विम्यातून जाईल. चार वर्षांत, 1966 मध्ये, पूर्ण देशासाठी तसाच कायदा आला. आपल्याकडे 2023 मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा पण खासगी डॉक्टर रस्त्यावर आले. इमर्जन्सीत आधी पैसे न मागता उपचार करा हे कलम होतं, डॉक्टर म्हणाले मग आमचं बिल कोण देणार आणि कधी, हा प्रश्न मला रास्त वाटला. समझोत्यात 50 पेक्षा कमी खाटांची खासगी हॉस्पिटलं बाहेर ठेवली गेली, ते मला पटलं नाही, कारण अपघात झालेला माणूस आधी जवळच्या छोट्याच हॉस्पिटलात जातो.

बागेतल्या मंडळींसाठी म्हणून माझं सांगणं असं आहे की बाबांना त्यांच्यातून ओढून काढू नका. बाबांनी तिथे "कोणीच काढू नका" म्हणण्याऐवजी "या पाच गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय आम्ही काढत नाही" म्हणावं. कोणत्या हॉस्पिटलात कोणता उपचार, पॅकेजमध्ये काय काय येतं, वरचे पैसे मागितले तर तक्रार कुठे, असं सगळं. शिबिरवाल्यांना तेच विचारा, उत्तर द्यायला आरोग्यमित्राला बोलवा म्हणा. आणि खरा विरोध करायचा तर पैशावर करा. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की 2025 पर्यंत सरकारांचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, 2021-22 मध्ये तो 1.84 होता आणि ते कोविडचं वर्ष होतं. सासूबाईंची फरशीवरची गादी या आकड्यातून येते. बाबांनी आमदाराला हे विचारलं तर बागेतली सगळी माणसं त्यांच्या मागे उभी राहतील, मी पण राहीन.

कार्ड काढायला बाबा तयार झाले तर पुढचं काम तुझं नाही, त्यांचंच ठेव. कंपनीत ज्या माणसाने हिशोब ठेवलेत त्याला वही-पेन दे. आधी 155388 किंवा 14555 ला फोन करून विचारायचं की हे हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आहे का, कारण एखादं हॉस्पिटल किडनीसाठी यादीत असतं पण हृदयासाठी नसतं, लोक इथेच फसतात. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीला आणि मिहानच्या एम्सला (दोन्ही सरकारी) पण हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, ती नावं वहीत असू द्या, बाबांना जायचं नसेल तर नका जाऊ, पण तिथल्या ओपीडीत अँजिओग्राफीची सीडी दाखवून दुसरं मत जरूर घ्या. कागदावर कागद लागतील: आधार, रेशनकार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, बाकी तिथले आरोग्यमित्र सांगतील. ऑपरेशनची मंजुरी आधी घ्यावी लागते. पूर्ण कॅशलेस आहे, आधी पैसे भरून मग वापस मागू असं करू नका, तशी सोय नाही. आणि मंजुरी आल्यावर कोणी "धागा चांगला वापरू, वरचे पन्नास हजार द्या" म्हटलं तर हो-नाही काही बोलायचं नाही, "लेखी द्या" म्हणायचं आणि तिथेच आरोग्यमित्रासमोर वरच्या नंबरवर तक्रार करायची. हे काम बाबांइतकं चांगलं घरात कोणी करणार नाही.

आणि हे सगळं चालू असताना बाबांना छातीत दाबल्यासारखं झालं, घाम सुटला, डावा हात किंवा जबडा दुखला तर कार्ड, दादा, एफडी सगळं सोडा आणि 108 ला फोन लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी, आणि मिस्टरांना विचारत बसू नका.